चित्र दिसते, आवाज कोठे गेला?

(सोसायटीच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावरून शिष्यवृत्ती, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर भाषणे होतात तेथे "घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमा लावला तर आवाज येत नाही, काय करावे?" हा काय बोलण्याचा विषय झाला? परंतु शाळेच्या फाटकात पालक मला गाठून जे प्रश्न विचारतात त्यांत मार्कांच्या खालोखाल हाच प्रश्न असतो. सिनेमा पाहावा की पाहू नये ह्या वादात मी शिरत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण ज्या संगणकावर सिनेमा मुका होतो त्याच संगणकावर विज्ञानाचा धडा मुका होतो आणि बहिणीच्या लग्नाचे चित्रणही मुके होते. मग घरात दोन गोष्टी ठरलेल्या. पहिली, मुलाला बोलणी बसतात की तूच काहीतरी दाबलेस. दुसरी, यंत्र रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेले जाते.

ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी थोडे सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी असेच झाले. दुकानदाराने यंत्र "फॉरमॅट" केले, म्हणजे पाटी पुसावी तसे सारे पुसून पुन्हा सगळे नव्याने भरले, आणि त्याचे पैसे घेतले. मुलीचा प्रकल्प गेला, भावाच्या नोकरीच्या अर्जाची कागदपत्रे गेली, घरचे फोटो गेले. आणि घरी आणून तो सिनेमा लावला तर तो पुन्हा मुकाच! कारण दोष यंत्रात नव्हताच, त्या फाइलीत होता. दुकानदार लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने कारण शोधण्याआधी औषध दिले, एवढेच. ताप का आला हे न विचारता जो वैद्य पुडी बांधतो त्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण निमूटपणे पैसे देतो, कारण आत काय चालले आहे ते आपल्याला कळणार नाही असे आपण धरूनच चालतो. ते कळते. दहावीच्या मुलाला तर नक्कीच कळते.

प्रथम एक मूळ गोष्ट लक्षात घ्या. चित्र आणि आवाज ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपण त्या एकत्र अनुभवतो म्हणून त्या एक वाटतात. दादासाहेब फाळक्यांचा "राजा हरिश्चंद्र" 1913 साली आला तेव्हा पडद्यावर चित्र होते आणि आवाज नव्हता. त्या काळी पडद्याजवळ बसलेले वादक साथ करीत. 1927 सालच्या "द जॅझ सिंगर" ह्या अमेरिकन बोलपटाचा आवाज फिल्मवर नव्हता, तर वेगळ्या तबकड्यांवर होता. यंत्र चालवणाऱ्याने चित्र आणि तबकडी बरोबर एका वेळी सुरू करायची. आपल्याकडचा पहिला बोलपट "आलम आरा" 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. आणि तुम्हाला वाटेल की ही सारी जुनी कहाणी, तर 1993 च्या "जुरासिक पार्क" पासून जी डीटीएस ध्वनिपद्धती चित्रपटगृहांत आली तिच्यातही आवाज वेगळ्या सीडीवरच असे. फिल्मच्या कडेला फक्त वेळेच्या खुणा छापलेल्या असत आणि त्या खुणा पाहून सीडी चित्राबरोबर चाले.

तुमच्या पेनड्राइव्हवरची फाइल आतून तशीच आहे. एमपी4, एमकेव्ही, एव्हीआय ही जी नावे फाइलीच्या शेवटी दिसतात ती डब्याची नावे आहेत. डबा एकच, पण आत कप्पे वेगळे: एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, कधी तिसऱ्यात दुसऱ्या भाषेतला आवाज. जेवणाचा डबा बाहेरून पाहून आत भाजी आहे की डाळ हे सांगता येत नाही, तसेच "एमकेव्ही" ह्या नावावरून आत आवाज कोणत्या प्रकारचा आहे हे कळत नाही. हे एकदा ध्यानात आले म्हणजे "चित्र चांगले दिसते मग आवाजाला काय झाले?" हा प्रश्न उरत नाही. चित्र दिसते ह्यावरून आवाजाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आता शोध कसा घ्यायचा? विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, ते येथे करायचे आहे. सिनेमा बंद करा आणि त्याच संगणकावर एखादे गाणे किंवा दुसरी कोणतीही चित्रफीत लावा. तिचा आवाज आला, तर स्पीकर, वायर, ध्वनीचे कार्ड हे सारे ठीक आहेत, आणि दोष त्या फाइलीत किंवा ती वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. कशाचाच आवाज आला नाही, तर फाइलीला हात लावू नका. दोष यंत्राच्या बाजूला आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मे काम होते. नऊ घरांत दहा जण दहा बटणे दाबतात, पण ही एक चाचणी कोणी करीत नाही.

कशाचाच आवाज येत नाही ही बाजू आधी संपवू, कारण ती सोपी आहे. स्पीकरला स्वतःची वीज लागत असेल तर त्याचा दिवा लागला आहे का पाहा. मोठ्या पेटीच्या मागे आवाजाची रंगीत छिद्रे असतात. त्यांतले हिरवे स्पीकरचे, गुलाबी मायक्रोफोनचे आणि निळे बाहेरून आवाज आत घेण्याचे. घर झाडताना वायर निघते आणि घाईने गुलाबीत खोचली जाते. हे वाटते तितके दुर्मीळ नाही.

त्यानंतरचा मुद्दा महत्त्वाचा. संगणकाला आवाज बाहेर काढायला आता अनेक दरवाजे असतात: स्पीकर, एचडीएमआय वायरने जोडलेला टीव्ही किंवा मॉनिटर, ब्लूटूथचे इअरफोन. तो कधी कधी भलत्याच दरवाजाने आवाज पाठवीत बसतो. एचडीएमआयची वायर चित्राबरोबर आवाजही नेते. म्हणून ती लावताच संगणक आवाज मॉनिटरकडे वळवतो, आणि पुष्कळ मॉनिटरांना स्पीकरच नसतो. किंवा मुलाचे इअरफोन शेजारच्या खोलीत उशीखाली चालू असतात आणि सिनेमाचा सारा आवाज त्या उशीखाली जात असतो! उपाय असा: पडद्याच्या खालच्या पट्टीत उजवीकडे स्पीकरचे चित्र आहे, त्यावर क्लिक करा. विंडोज 11 मध्ये आवाजाच्या दांडीशेजारी एक छोटा बाण दिसेल, तो दाबला की सर्व दरवाजांची यादी उघडते. विंडोज 10 मध्ये दांडीच्या वर दरवाजाचे नाव लिहिलेले असते, ते दाबा. जो हवा तो निवडा. जुन्या मॉनिटरची निळ्या तोंडाची व्हीजीए वायर असेल तर ध्यानात ठेवा की ती आवाज नेतच नाही. संगणक त्या वायरने टीव्हीला जोडला असेल तर आवाजासाठी वेगळी वायर लावावीच लागेल.

त्याच स्पीकरच्या चित्रावर उजवे बटण दाबले की "व्हॉल्यूम मिक्सर" असे दिसते. तेथे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. गाण्याचा प्रोग्रॅम पूर्ण आवाजात आणि सिनेमाचा शून्यावर, असे असू शकते. ते पाहा. तरीही शांतता असेल तर यंत्र एकदा बंद करून चालू करा, आणि मग "डिव्हाइस मॅनेजर" मध्ये ध्वनीच्या उपकरणापुढे पिवळी खूण आहे का पाहा. तशी खूण असल्यास ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज ह्यांच्यामधला दुभाषी, बिघडला आहे. तो नव्याने घालायचा असल्यास तुमच्या संगणकाच्या मॉडेलचा नंबर पाहून त्याच कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्या. येथपर्यंत येऊनही आवाज नसेल तर खुशाल दुकानात जा. पण जाताना "फॉरमॅट करू नका, आधी मला विचारा" हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि शक्यतो लिहून द्या.

आता दुसरी बाजू. गाणी वाजतात, धडे वाजतात, हा एकच सिनेमा मुका. येथे खरी गंमत आहे.

डब्यातला आवाज दाबून लहान केलेला असतो, नाहीतर तो फार जागा खाईल. दाबण्याच्या पद्धती अनेक आहेत: एमपी3 आणि एएसी ह्या परिचयाच्या, आणि सिनेमाच्या जगातल्या एसी-3, जिला डॉल्बी डिजिटल म्हणतात, आणि डीटीएस. ज्या पद्धतीने दाबले ती पद्धत जाणणारा प्रोग्रॅमच ते उलगडू शकतो. ह्या जाणकाराला कोडेक म्हणतात. उर्दूत लिहिलेले पत्र उर्दू न येणाऱ्याच्या हाती दिले तर कागद त्याला दिसतो, मजकूर कळत नाही. पत्र कोरे आहे असे मात्र कोणी म्हणणार नाही. आपली तक्रार नेमकी अशी असते: पत्र चांगले आहे, वाचणारा बदलायला हवा.

एका कुटुंबाची हकिकत सांगतो. 2009 सालच्या निकाहची त्यांच्याकडे डीव्हीडी होती. आजोबा त्यात दुआ मागताना दिसतात. ते आता हयात नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कोठेही नोंदलेला नाही. कुवेतला असलेल्या मुलाने सुट्टीत आल्यावर ती डीव्हीडी एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. नवा लॅपटॉप घेतला, फाइल लावली, चित्र आले, आजोबांचे ओठ हलताना दिसले, आवाज नाही. घरच्यांनी समजून घेतले की डीव्हीडी जुनी झाली, आवाज उडाला. त्यांच्या अम्मी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आवाज उडाला नव्हता. डीव्हीडीवर आवाज पुष्कळदा एसी-3 पद्धतीने असतो. उतरवताना दुकानदाराने चित्राचे रूप नवे केले होते आणि आवाज जसाच्या तसा ठेवला होता, आणि त्यात त्याचे काही चुकले नव्हते. पण ऑक्टोबर 2024 मध्ये विंडोज 11 ची जी 24एच2 नावाची आवृत्ती आली तिच्यापासून, नव्याने विंडोज बसवलेल्या यंत्रात मायक्रोसॉफ्टने हा एसी-3 कोडेक देणे थांबवले. संगणक बनवणाऱ्या कंपनीने तो स्वतः घातला असेल तर असतो, नाहीतर नसतो. जुन्या यंत्रावर विंडोज नुसते वाढवून घेतले असेल तर पूर्वीचा कोडेक राहतो. म्हणून एकच फाइल काकांच्या जुन्या यंत्रावर बोलते आणि तुमच्या नव्या, महागड्या यंत्रावर मुकी असते. नवे यंत्र जुन्यापेक्षा सर्व बाबतींत शहाणे असते हा समज तेवढा सोडून द्यावा लागतो. त्या घरी व्हीएलसी नावाचा प्रोग्रॅम घातला आणि आजोबांचा आवाज पहिल्याच फटक्यात खोलीभर आला.

हा व्हीएलसी मुळात पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेला प्रकल्प. 2001 पासून तो सर्वांना मोफत आणि खुला आहे. बहुतेक सारे कोडेक तो आपल्या पोटातच बाळगतो, विंडोजकडे मागत नाही. विद्यार्थ्यांनी केलेली वस्तू आहे, हे मी आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. मात्र तो घ्यावा फक्त व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग ह्या मूळ ठिकाणाहून. "कोडेक पॅक मोफत", "आवाज दुरुस्त करा" अशा पाट्या लावलेली जी ठिकाणे शोधताना वर येतात तेथून काही उतरवू नका. त्यांतल्या कित्येक ठिकाणी कोडेकच्या नावाखाली घातक प्रोग्रॅम घरात शिरतात आणि मग बँकेचा पासवर्ड चोरीला जाण्यापर्यंत गोष्ट जाते. चोरून उतरवलेल्या सिनेमांच्या साइट्सही ह्याच जातीच्या आहेत. कायदा तर वेगळाच.

व्हीएलसीचा आणखी एक मोठा उपयोग आहे, आणि तो निदानाचा आहे. फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे ही दोन बटणे एकत्र दाबा. एक चौकट उघडते आणि डब्यातले सारे कप्पे तिच्यात लिहिलेले असतात: हा चित्राचा, हा आवाजाचा, त्याची पद्धत अमुक. आवाजाच्या कप्प्यापुढे एसी3 किंवा डीटीएस लिहिले असेल तर तुमचे कोडे सुटले. आणि आवाजाचा कप्पाच यादीत नसेल? तर मग त्या फाइलीत आवाज नाहीच. कोणताही प्रोग्रॅम, कोणताही दुकानदार, कितीही पैसे घेऊन तो आणू शकणार नाही; मूळ वस्तूकडेच परत जावे लागेल.

असे कप्पे रिकामे राहतात कसे? व्हॉट्सॲपवर चित्रफीत पाठवताना स्पीकरचे चित्र चुकून दाबले गेले किंवा ती जीआयएफ करून पाठवली तर आवाज गळून जातो. पण आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत दुःखद कारण वेगळे आहे. पुष्कळांकडे जुन्या व्हीएचएस कॅसेट आहेत आणि त्या उतरवून देणारी दुकाने आहेत. कॅसेट प्लेअरच्या तीन वायरी असतात. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल ह्या आवाजाच्या. पिवळी घट्ट बसली आणि बाकीच्या दोन सैल राहिल्या तर तीन तासांचे चित्रण मुके उतरते, आणि चित्र छान दिसत असल्यामुळे दुकानात कोणाच्या ध्यानात येत नाही. आपण फाइल घरी आणतो, दहा सेकंद पाहतो, खूश होतो आणि कॅसेट भंगारात देतो! तेव्हा पालकहो, उतरवलेली फाइल मधून मधून ठिकठिकाणी लावून आवाजासह ऐकल्याखेरीज कॅसेट किंवा डीव्हीडी टाकू नका. कॅसेट शाबूत असेल तर आवाजही शाबूत असण्याची शक्यता आहे.

अजून एक प्रकार राहिला, आणि तो मला स्वतःला सर्वांत आवडतो, कारण तो भुताटकीसारखा वाटतो. सिनेमातले संगीत ऐकू येते, पावसाचा आवाज येतो, मोटारी धावतात, पण माणसे बोलत नाहीत. किंवा विहिरीतून बोलावे तसे दुरून बोलतात. पुष्कळ सिनेमांचा आवाज सहा वाटांनी नोंदलेला असतो, त्याला 5.1 म्हणतात: समोर डावीकडे, समोर उजवीकडे, मधोमध, मागच्या बाजूचे दोन, आणि धडधडीचा एक वेगळा. संवाद बहुतेक सगळे मधल्या वाटेने येतात. तुमच्याकडे स्पीकर दोनच आणि संगणकाची समजूत अशी की सहा आहेत! मग तो इमानदारीने संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवतो, जो तुमच्या घरात नाहीच. उपाय: कंट्रोल पॅनेलमध्ये "साउंड" उघडा, आपला स्पीकर निवडा, "कॉन्फिगर" दाबा आणि "स्टिरिओ" निवडा. मग सहा वाटा दोनांत मिसळल्या जातात आणि माणसे बोलू लागतात. व्हीएलसीच्या "ऑडिओ" मेनूतही "स्टिरिओ मोड" आहे. त्याच मेनूत "ऑडिओ ट्रॅक" पाहून घ्या. तेथे "डिसेबल" निवडलेले असेल तर आवाज मुद्दाम बंद केल्यासारखाच आहे, आणि दोन भाषांचा सिनेमा भलत्या भाषेत बोलत असेल तर तोही येथेच वळवता येतो.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे. काही टीव्ही डीटीएस वाचत नाहीत आणि टीव्हीत आपण व्हीएलसी सहज घालू शकत नाही. अशा वेळी हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम घेऊन फाइलीतला आवाज एएसी पद्धतीचा करून घ्यावा. एएसी फोन, टीव्ही, संगणक सगळेच ओळखतात. नवी फाइल वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइल पुसू नका.

विंडोज 10 वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य. त्याचा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, त्यामुळे पुष्कळ घरांत आता नवे विंडोज बसेल आणि ते नव्याने बसवले की एसी-3 चा हा प्रश्न आज ज्यांना नाही त्यांनाही येईल. तेव्हा घाबरून पेटी उचलू नका. आणि नवे विंडोज बसवण्यापूर्वी मुलांचे प्रकल्प, कागदपत्रे, फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा.

ज्यांना एखादी फाइल तपासून हवी असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. नववी-दहावीची चार मुले आणि तीन मुली तेथे माझ्याबरोबर असतात आणि कंट्रोल-जे दाबून कप्पे वाचणे त्यांना आता माझ्याइतकेच येते. येताना पेनड्राइव्हवर नक्कल आणा. मूळ डीव्हीडी आणि कॅसेट घरीच, कोरड्या जागी ठेवा.